झाकणाला हात लावू नका

शेजारचा चष्मेवाला अजूनही सांगतो की त्या रविवारी मिस्त्रीच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. काही संचारलं बिंचारलं नव्हतं. मिस्त्री जन्मापासून तसाच आहे. खुर्चीवर बसवला तर पाच मिनिटांत खुर्ची करकरायला लागते. सिनेमाला नेला तर मध्येच उठून पंखा कुठून खडखडतोय ते बघून येतो. पस्तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्या धंद्यातला त्याचा एकच मंत्र, उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. लिफ्टच्या बाबतीत ते ठीक आहे हो. पण हा गृहस्थ तोच मंत्र घरात चालवायचा. शिजत्या भाताचं झाकण उघड, ओव्हनमध्ये फुगणाऱ्या केकचं दार उघड, मुलीच्या नावाने आलेलं पाकीट उघड. बायकोने त्याचं नाव चुळबुळराव ठेवलं होतं आणि ती ते इतक्या खणखणीत आवाजात हाक मारून म्हणायची की गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणायची, असंच म्हणावं लागेल. कारण गेले अकरा आठवडे ती काहीच म्हणत नव्हती.

झालं होतं असं. तिच्या गळ्यात गाठ आली, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्या कापाकापीत आवाजाची एक बाजू लुळी पडली. आवाज गेला नाही, बदलला. जाड झाला, खोल झाला, खरखरायला लागला. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस रडून माणूस गप्प कामाला लागलं असतं. हिचं तसं नव्हतं. ही बस स्थानकावर सव्वीस वर्षं माइकपुढे बसलेली बाई. "लक्ष द्या. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." एकेक शब्द धुऊन, पिळून, झटकून दोरीवर घातल्यासारखा. तिने बाजारात बटाटे मागितले तरी भाजीवाला विचारायचा, "बाई, आमची गाडी वेळेवर आहे ना?" आणि घरातही तिचा तोच थाट. "लक्ष द्या. आंघोळीला निघालेल्या गृहस्थांनी टॉवेल सोबत न्यावा. मागाहून मिळणार नाही."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी फोन वाजला, तिने उचलला, आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "दादा, जरा बाईंना देता का फोन?" तिने फोन खाली ठेवला आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. ही गोष्ट मिस्त्रीने मुलीला सांगितली, चष्मेवाल्याला सांगितली, खाटकाला सांगितली. ऐकणारा प्रत्येक जण त्या फोनवाल्याला शिव्या घालायचा आणि मिस्त्री मान डोलवायचा.

आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिच्याकडे तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा ही खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर, ओठ घट्ट. त्या बाईने स्पष्टच सांगितलं होतं, "आवाज पहिल्यासारखा होणार नाही. पण वापरलात तर चांगला होईल, तुमचा होईल. नाही वापरलात तर बसेल. हेच महिने आहेत." चौथी वेळ सोमवारची होती. रसोड्यातल्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनावर हिने पेन्सिलीने काट मारून ठेवली होती. शनिवारी रात्री जेवताना मिस्त्रीला ती काट दिसली आणि त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. ही उद्याच्या उद्या बोलली नाही, तर परवा ती तिथे जाणार नाही, आणि परवा गेली नाही, तर मग कधीच नाही. एवढं साधं गणित होतं.

मागच्या खेपेला दारापर्यंत सोडायला आलेली ती बाई हळूच म्हणाली होती, "काका, अशा वेळी माणसं ठरवून बोलत नाहीत. हसली, चिडली, दचकली की बोलून जातात."

चिडवायचं? एवढंच ना? बायकोला चिडवणं हा तर मिस्त्रीच्या हातचा मळ.

आणि तिला सगळ्यात जास्त चीड कशाची, हेही जगाला माहीत होतं. झाकणाची. मागच्या अंगणात एक पिंप होतं, तेलाचं. मिस्त्रीनेच ते आडवं कापून, पाय जोडून, आत जाळी बसवून त्याची कोळशाची शेगडी केली होती. झाकणाला जुन्या लिफ्टच्या दाराची बिजागरी होती आणि ती उघडताना अशी करकरायची की मेलेला उठून बसेल. झाकणात तापमानाचा काटा, बाजूला हवेचे झरोके, खाली कोळसा सरकवायला एक छोटी खिडकी. पिंप त्याने बनवलं, पण राज्य तिचं. त्यात ती डुकराच्या बरगड्या धुरावर शिजवायची, मंद आचेवर, सहा सहा तास, आणि वरून स्वतः केलेला सॉस. मिस्त्रीचं काम कोळसा पेटवून चालतं होणं. कारण झाकण एकदा उघडलं की आतला उबारा जातो आणि पुन्हा पाव तास मागे. बिजागरी करकरली रे करकरली की आतून आवाज यायचा, "झाकणाला हात लावू नका!" एकदा त्याने बिजागरीला गुपचूप तेल पाजलं होतं. तिने धुराच्या वासावरून ओळखलं.

तर रविवारी सकाळी आठला मिस्त्री खाटकाकडून बरगड्यांच्या दोन लांब पट्ट्या घेऊन आला आणि त्याने त्या रसोड्यातल्या टेबलावर आपटल्या. ती समोरच बसली होती, त्याच्या शर्टाला बटण लावत.

"आज मी करणार आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. बरगड्या काय, कोणीही करतं."

तिने सुईवरून नजर वर केली, पुन्हा खाली नेली.

बरगड्यांच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. सुरीचं टोक घालून तो उचलायचा, कापडाच्या कोपऱ्याने धरायचा आणि एका झटक्यात ओढून काढायचा. राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना सायकलची ट्यूब चावल्यासारखं वाटतं. हे मिस्त्रीला पुरतं ठाऊक होतं. त्याने पडदा तसाच ठेवला आणि वर मीठ, मिरी, तिखट, तांबूस साखर भराभरा थापायला लागला. तिच्या डोळ्यांदेखत. थापताना शीळ घालत.

तिचा हात थांबला. गळ्यावरच्या त्या बारीक गुलाबी रेघेखाली काहीतरी हललं. मिस्त्रीची शीळ थांबली. आता येतंय. आता म्हणेल, अहो, डोळे आहेत की बटणं?

ती उठली. हात धुतले. दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढून ओढून घेतल्या, पालथ्या केल्या, कोपऱ्यात सुरी घातली आणि चर्रकन पडदा काढला. एकीचा, मग दुसरीचा. मसाला सारखा केला. मग पुन्हा हात धुऊन बटणाकडे वळली.

मुलीचा फोन आला तेव्हा तो अंगणात कोळसा पेटवत होता. "काय चाललंय, बाबा?"

"तुझ्या आईला छळतोय."

"असं काय बोलता हो!"

"बोलतो आपला. या घरात कोणीतरी बोलायला पाहिजे ना," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवून दिला. नंतर त्याला वाटलं, पोरीवर उगाच डाफरलो.

कोळसा राखाडी झाल्यावर त्याने तो एका बाजूला सारला, दुसऱ्या बाजूला पाण्याचा ट्रे ठेवला, ट्रेवर जाळी, जाळीवर बरगड्या. निखाऱ्यांवर फळझाडाच्या लाकडाचे चार तुकडे टाकले. पावणेदहाला झाकण पडलं. काटा एकशे दहावर आला, झरोक्यांतून निळसर धूर निघायला लागला. बरोबर दहाला मिस्त्रीने झाकण उघडलं.

करर्र.

तो खिडकीकडे बघत उभा राहिला. आतल्या खोलीची खिडकी अंगणात उघडते आणि ती आता तिथे येऊन बसली होती, उरलेली शिवण घेऊन. तिने वर बघितलं नाही. त्याने झाकण लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. करर्र. पुन्हा लावलं. मग सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा, अकराला पाच कमी, अकरा. काटा आपला ऐंशीवर लोळत पडलेला. धुराचा रंग मळकट पांढरा.

कुंपणाच्या भिंतीवरून चष्मेवाल्याचं डोकं वर आलं. सगळ्या जगाचे नंबर काढणाऱ्या या माणसाला स्वतःला जवळचं दिसत नाही, पण नाक मात्र कुत्र्याचं. "काय हो मिस्त्री, धूर बिघडलाय तुमचा. वहिनींना बोलवा की."

"मी काय मेलोय का?"

"तसं नव्हे. पण सकाळपासून सात वेळा वाजली ती बिजागरी. मी मोजतोय."

"मग मोजा. दुकान बंद असलं की हेच उद्योग," मिस्त्री म्हणाला आणि आठव्यांदा झाकण उघडलं.

खिडकीतून हात बाहेर आला. मिस्त्री दोन पावलं पुढे झाला. त्या हाताने खिडकीची दोन्ही दारं धरली, आत ओढली आणि कडी लावली. झालं. म्हणजे आता ऐकायलाही कोणी नाही.

त्याला बसवेना. तो रसोड्यात गेला, अंगणात आला, पुन्हा रसोड्यात गेला. नळ नीट बंद होता, तो उघडून पुन्हा बंद केला. शेवटी त्याने मोठं पातेलं घेतलं. सॉस. सॉसमध्ये तरी तिला राहवणार नाही, वास तर बंद खिडकीतूनही जातो. पातेलं तापून धूर सोडायला लागल्यावर त्याने कांदा नाही, लसूण नाही, एकदम व्हिनेगरची अर्धी बाटली त्यात उपडी केली.

असा भपकारा उठला की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. साधा खोकला नाही. कोरडा, ओढून ओढून येणारा, थांबत नाही असा. मिस्त्री पाण्याचा पेला घेऊन धावला. ती पलंगाच्या कडेवर वाकून बसली होती, एक हात गळ्यावरच्या त्या रेघेवर दाबून धरलेला. तिने पाणी घेतलं. दोन घोट गेले, तिसरा सांडला. त्याने खिडकी सताड उघडली, दार उघडलं, टॉवेलने वारा घातला.

खोकला थांबल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत चीड नव्हती. चीड असती तर बरं झालं असतं. "आणखी काय काय करणार आहात?" असं काहीतरी होतं त्या नजरेत, आणि फार थकवा होता.

मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. चांगली कानशिलं तापण्याइतकी.

त्याने रसोड्यात जाऊन ते पातेलं मोरीत ओतलं, घासलं, पुसलं आणि पुन्हा चुलीवर ठेवलं. या वेळी कुणाला चिडवायचं नव्हतं. पण करायचं कसं? तिने कधी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरज काय, ती जाहीरच करायची. तो डोळे मिटून उभा राहिला आणि ऐकू लागला. लक्ष द्या. कांदा आधी जाईल. कांदा मऊ झाल्याशिवाय लसणाने घाई करू नये. टोमॅटोचा गर आता लागत आहे. मोहरीची पूड, मिरी, तिखट यांनी तयार राहावं. व्हिनेगर कडेने, चमच्याचमच्याने. साखर सगळ्यात शेवटी, साखरेला करपायची सवय आहे. त्याने तसंच केलं, शब्दाला शब्द. पाऊण तासाने पातेल्यात गडद तांबडा, चमच्याला चिकटून राहणारा सॉस तयार झाला. त्याने बोट बुडवून चाखलं. तीच चव. हुबेहूब.

आणि तिथेच, चमचा हातात धरून, त्याच्या लक्षात आलं की आपण ऐकत होतो तो आवाज जुना होता.

आता खरं ते सांगायला हवं. फोनवाल्याची गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. तो फोन अकराला आला. त्याच दिवशी सकाळी आठला मिस्त्री रसोड्यात नळाखाली वाकून वायसर बदलत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "चहा ठेवू का?" जाड, खोल, परका आवाज. मिस्त्री असा दचकला की हातातला पाना फरशीवर पडला, आणि तो दाराकडे तोंड करून ओरडला, "कोण आहे?"

दारात कोणी नव्हतं. चुलीपाशी बायको उभी होती, चहाचं भांडं हातात घेऊन. घरी आल्यावरचं तिचं पहिलं वाक्य होतं ते. दोन दिवस धीर गोळा करून म्हटलेलं. मिस्त्री मग हसला, "अगं, तू होय!" आणि ते हसणं दचकण्यापेक्षा वाईट होतं. तिने चहा केला. त्याच्यापुढे ठेवला. तीन तासांनी त्या फोनवाल्याने जखमेवर मीठ चोळलं, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. आणि मिस्त्रीने अकरा आठवडे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं होतं. मुलीपुढेसुद्धा.

याहून वाईट एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःलाही कधी सांगितली नव्हती. त्याला भीती वाटत होती. ती बोलली आणि आपण पुन्हा दचकलो तर? शरीर आहे ते, ऐकतं थोडंच. सकाळपासून तो तिला चिडवत होता आणि प्रत्येक वेळी ती गप्प राहिली की त्याला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी चिमूटभर सुटल्यासारखंही वाटायचं. अशी ही आमच्या मिस्त्रीची बहादुरी.

त्याने सॉसचं पातेलं झाकून ठेवलं, अंगणात गेला, पिंपाच्या खालच्या खिडकीतून कोळसा सरकवला, आणि तिच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकी आता उघडी होती. ती आत पलंगावर पाठमोरी बसली होती.

"अगं," तो म्हणाला. घसा साफ केला. "त्या फोनवाल्याचा काही दोष नाही. मी दचकलो होतो. माझ्याच बायकोला 'कोण आहे?' म्हणून विचारलं मी. तुला ते माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मी जगाला फोनवाल्याचं नाव सांगत फिरतो. चुकलं माझं. फार चुकलं."

पाठ हलली नाही.

"आणि सकाळपासून मुद्दाम चाललंय सगळं. पडदा मुद्दाम ठेवला. व्हिनेगर मुद्दाम ओतलं. झाकण पहिल्या दोन वेळा मुद्दाम उघडलं, पुढच्या सहा वेळा सवयीने." तो थांबला. पायाने माती उकरायला लागला होता, ते लक्षात आल्यावर पाय आवरला. "आता नाही उघडत. तू सांगशील तेव्हा उघडीन. धमकी नाही देत मी. मला खरंच कळत नाही गं, कधी उघडायचं ते. कधीच कळलं नाही. तू सांगायचीस म्हणून कळायचं."

एवढं बोलून तो पिंपासमोर स्टूल टाकून बसला. दुपारचा दीड वाजला होता.

बसणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही. मिस्त्रीला विचारा. पहिली दहा मिनिटं त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, पण बोटं आपोआप झाकणाच्या मुठीकडे निघाली. मग त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. मग उजवा पाय नाचायला लागला. डाव्या पायाने तो दाबून धरला, तर डावा नाचायला लागला. काटा हळूहळू चढला. नव्वद. शंभर. एकशे दहा. धूर पुन्हा निळसर झाला. आत काय चाललं असेल? मांस आक्रसलं असेल का? हाडांची टोकं बाहेर आली असतील का? ट्रेमधलं पाणी आटलं असेल तर? एकदाच, बोटभर फटीतून बघितलं तर काय बिघडतं? त्याला घाम फुटला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं किंचाळत असतानाही त्याला कधी असा घाम फुटला नव्हता, कारण तेव्हा हातात पाना असायचा.

अडीच वाजले. तीन वाजले. भिंतीवरून डोकं आलं.

"मिस्त्री, झोपलात का?"

"नाही."

"बराच वेळ बिजागरी वाजली नाही. म्हटलं, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"वास मात्र आता झकास सुटलाय हो," चष्मेवाला म्हणाला आणि तिथेच कोपर टेकून उभा राहिला, कारण असा वास सोडून जाणार कुठे?

साडेतीन. पावणेचार. वास बदलला. आधी नुसता धूर होता, आता त्यात गोडसर, चरबी वितळल्याचा, मसाला भाजल्याचा वास मिसळला. सॉस लावायची वेळ हीच असणार. किंवा गेली असेल. किंवा अजून यायची असेल. मिस्त्री हातांवर बसून राहिला. मुंग्या आल्या होत्या हातांना. करपल्या तर करपू देत, त्याने स्वतःला बजावलं, पण डोळे भरून आले, आणि ते धुरामुळे नव्हतं.

मागे दार वाजलं. चपला फरशीवरून मातीवर आल्या आणि त्याच्या पाठीशी येऊन थांबल्या. बाजूच्या फळीवर सॉसचं पातेलं टेकल्याचा आवाज झाला. म्हणजे आणून दिलंय. म्हणजे लावा, असंच म्हणायचंय तिला. एवढं पुरे नाही का? उठावं, उघडावं, सॉस लावून मोकळं व्हावं. पण तो उठला नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

मागे चपला एकदा मातीवर घासल्या.

"अहो."

जाड, खोल. मध्येच फाटलेला, शेवटी नुसती हवा निसटलेली.

"उघडा आता."

मिस्त्रीच्या पाठीवरून सरसरून काटा गेला, खोटं कशाला सांगा. पण तो हातांवर बसलेला होता आणि बसूनच राहिला.

दचकला तो चष्मेवाला. टाचा उंचावून, मान ताणून, जवळचं न दिसणारे डोळे बारीक करून त्याने विचारलं, "कोण आलंय हो मिस्त्री? पाहुणे का?"

पातेल्यातला चमचा किणकिणला. तिचा हात त्यावर होता. एवढ्यात चपलांचं एक पाऊल मागे सरकलं.

"कोणी आलेलं नाही!" मिस्त्री असा कडाडला की गल्लीतली दोन कुत्री उठून उभी राहिली. "पाहुणे कसले? बायको आहे माझी! आपल्या अंगणात आपल्या नवऱ्यावर ओरडतेय. तुम्हाला काय त्रास आहे?"

"छे छे. त्रास कसला," चष्मेवाला चाचरला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, वास फार छान सुटलाय," आणि त्याचं डोकं भिंतीमागे गेलं.

मग मिस्त्री वळला. ती तिथेच होती. पाऊल मागे गेलं होतं, पण ती गेली नव्हती. तिचे डोळे पाण्याने भरलेले आणि हनुवटी वर.

"पूर्ण उघडू का?" त्याने विचारलं.

"मग काय... अर्धं?"

त्याने मुठीला हात घातला. करर्र. धुराचा लोट वर गेला आणि खाली बरगड्या दिसल्या, गडद तांबूस, मांस हाडावरून बोटभर मागे सरलेलं. करपल्या नव्हत्या. कोरड्याही नव्हत्या. त्याला हसू आलं आणि हुंदकाही आला, त्यामुळे धड काहीच बाहेर पडलं नाही.

"पातळ लावा," ती म्हणाली. एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा. "दोन्ही... बाजूंनी. मग... वीस मिनिटं."

त्याने ब्रश घेतला आणि सॉस लावला. तिने त्यात बोट बुडवून चाखलं, भुवया उंचावल्या आणि पुन्हा चाखलं. त्याने झाकण लावलं आणि स्टुलावर बसला. तिने कोळशाचं रिकामं खोकं उपडं घातलं आणि त्याच्या शेजारी बसली. तीन मिनिटं गेली नसतील, मिस्त्रीचा हात उठला.

"झाकणाला," ती म्हणाली. खोकली, थुंकी गिळली. "झाकणाला हात लावू नका."

"नाही लावत."

दोघं धुराकडे बघत बसली. आतून चर्र चर्र आवाज येत होता, साखर तापल्याचा.

"उद्या," ती म्हणाली, "किती वाजता... बोलावलंय?"

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आता त्याची पाळी आली होती. शेवटी तो म्हणाला, "साडेअकरा."

तिने मान हलवली. पाठ ताठ केली, मांडीवर हात ठेवले, माइकपुढे बसायची तशी.

"लक्ष द्या," ती म्हणाली, त्या जाड, फाटक्या, नव्या आवाजात. "सव्वादहाची गाडी... फलाट क्रमांक तीन."

मिस्त्रीने दोन्ही हात पुन्हा मांड्यांखाली घातले आणि नीट लक्ष देऊन ऐकलं.